मऊ केलेली तार

आदिलाबादेत माझं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. जवळच्या जैनथ गावाकडचा एक चाळिशीचा माणूस अधूनमधून येतो. आला की खाली पडलेला तांब्याच्या तारेचा तुकडा उचलतो, तुटेपर्यंत मागंपुढं वाकवतो आणि तुटलेलं टोक अंगठ्यानं चाचपतो. दूरच्या शहरात प्रयोगशाळेच्या प्रचंड चुंबकांसाठी तो तार बनवायचा. असलं चुंबक स्वतःच्याच जोरानं आपली कॉइल फाडतं, म्हणून तांब्यात चांदी घालून, ओढून ओढून तार कडक करायची.

"कडक केली का करंट अडते, काका. करंट सांभाळा तं मऊ पडते," हे तो अर्धं मला सांगतो, अर्धं भिंतीला.

दोन्ही जमत आलं होतं, तेवढ्यात ते काम बंद झालं. नमुन्याचं एक वेटोळं घेऊन तो गावी परतला.

परवा तेच वेटोळं घेऊन आला आणि माझा बर्नर मागितला. मला वाटलं, कुठं सांधा जोडायला डाग द्यायचा असेल. त्यानं अख्खं वेटोळं लालभडक होईस्तोवर तापवलं.

"अहो, काऊन करून राह्यले असं? सारा कडकपणा गेला ना तिचा!"

"आईले वालाचा मांडव बांधाचा हाय. तिच्या हातानं वळत नोती."

काळी पडलेली तार त्यानं पाण्यात विझवली आणि बोटाभोवती गुंडाळली. ती सुतळीसारखी वळली. तुटेपर्यंत वाकवून मात्र त्यानं पाहिली नाही.