भिंत चाखणारी जिजी

जिजी भिंत चाखायची. तापीकाठच्या जुन्या सभागृहाच्या दुरुस्तीवर ती राडारोडा उचलायला जात होती. एक दिवस तिने मागच्या भिंतीतून नखाने चुन्याचा कण काढला, जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाली, "गूळ. बेलफळ. मेथी थोडी." इमारतीचं जुनं रूप राखण्याचं काम ज्या मॅडमकडे होतं, त्या तिथेच उभ्या होत्या. त्यांनी हातातली टेप खाली ठेवली. चुन्यातलं जे मिश्रण त्या तीन महिने शोधत होत्या, ते एका मजूर बाईने एका कणात सांगितलं होतं.

जिजी नवागामात आमच्या शेजारच्या खोलीत राहायची. वय सत्तरच्या पुढे. मुलगा सचिन नावाच्या गावी गिरणीत कामाला. ती मूळची चुनखडीच्या खाणीवरची. बाप भट्टी लावायचा, आई गच्च्यांवर कोबा ठोकायला जायची. मी एकदा गमतीने आमची भिंत दाखवली आणि विचारलं, "जिजी, हिची चव कशी?" तर म्हणाली, "सिमिटले काय चाखानं व माय? त्याले चवच नही."

सभागृहाची गच्ची ठिकठिकाणी गळत होती. ठेकेदार शेठ म्हणत होते, सगळा जुना कोबा फोडू, वर केमिकल मारू, आठवड्यात मोकळे. मॅडमना ते नको होतं. जिजी मध्येच म्हणाली, "मी करी देस." शेठ हसले. "माजी, ये सब पुराना हो गया." शेवटी असं ठरलं की वाचनालयाच्या एका खोलीवरचा कोबा जिजीने नव्याने घालायचा. त्यावर सात दिवस पाणी साठवायचं. खाली एक थेंब आला, तर सगळ्या गच्चीवर केमिकल.

जिजीने गल्लीतल्या आम्हा अकरा बायका गोळा केल्या. आम्ही घरी साड्यांना टिकल्या लावणाऱ्या. मी तर कुणाशी फार बोलतही नाही, म्हणून जिजी मला मुकी म्हणायची. "मुके, तुन्हं तोंड नको, हात दे," म्हणाली, आणि मी गेले.

विटांचे तुकडे आणि चुना पसरला. गुळाचं आणि बेलफळाचं पाणी शिंपडत लाकडी थापीने ठोकायचं होतं. आम्ही रांगेत उकिडव्या बसून असा सपाटा लावला की दुपारपर्यंत गच्ची गुळगुळीत दिसू लागली. आम्हाला वाटलं, जिजी खूश होईल. ती डोळे मिटून नुसती ऐकत बसली होती. मग उठली, एक काडी घेतली आणि वरून टोचली. काडी बोटभर आत गेली. वरचं तोंड बंद झालं होतं, आत सगळं मऊ.

"काढा," ती म्हणाली.

"सगळं?" रंजनाने विचारलं. रंजना आमच्यातली बोलकी.

"सगळं. तुम्ही थापी नही मारत, लूम चालाडतस."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. खरंच होतं. नवागामात आमच्या भिंतीपलीकडे दिवसरात्र माग चालतात. खटखट, खटखट. लग्न होऊन आल्यापासून तोच ठोका कानात. झोपतो त्यात, भाकरी थापतो त्यात. हात आपोआप तसेच पडत होते आणि आम्हाला कळतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जिजीने गाणं काढलं. तिच्या आईचं. आवाज फाटका, पण चाल अशी संथ की घाई करताच येईना.

"हळू पडू दे थापी वं बाई,
गच्ची निजेल शे, उठाडू नको."

पुढच्या ओळीत एकेकीचं नाव यायचं, सखू थापी मारते, रंजना थापी मारते, आणि ज्या बाईचं नाव आलं तिने पुढची ओळ म्हणायची. माझं नाव आलं तेव्हा मी नुसती थापी मारली. जिजी म्हणाली, "चालस. थापी बोलनी." म्हणजे थापी बोलली, तेवढं पुरे.

मॅडम कधी वर येऊन बसायच्या आणि इमारतीचा कागदातला इतिहास सांगायच्या. बांधायचं कुणी ठरवलं, दालनात कोणत्या सभा भरल्या, पुरात किती लोक वरच्या मजल्यावर राहिले. जिजी सगळं ऐकून घ्यायची आणि विचारायची, "सभा खाले झाया. पन वर उन्हमा कोन बशेल व्हतं? ते लिखेल शे का?" मॅडम मान हलवायच्या. ते लिहिलेलं नव्हतं.

पाचव्या दिवशी थापी मारली की ती परत उसळू लागली. ठण्ण असा आवाज. कोबा आतपर्यंत घट्ट झाला होता. मग ओली पोती घालून कोबा पंधरा दिवस निजवला आणि सोळाव्या दिवशी वर पाणी भरलं.

खालच्या खोलीत जिजीने सगळ्या फरशीवर चाळलेली राख पसरली. थेंब पडला तर खूण दिसेल. रोज सकाळी ती दारात बसून राख बघायची. पहिला दिवस कोरा. दुसरा कोरा. चौथ्या दिवशी सकाळी आम्ही पोहोचलो तर शेठ दारातून आत बोट दाखवत उभे. राखेत, दारापासून हातभर आत, चार ओले ठिपके.

शेठ म्हणाले, "बस, हो गया, माजी." जिजी कमरेवर हात ठेवून हळूहळू आत गेली. तिने एका ठिपक्यावर बोट टेकवलं. बोट जिभेला लावलं. डोळे मिटले.

"हाई पानी नही," ती म्हणाली. "चहा शे. साखर जास्ती शे."

सगळ्यांनी शेठच्या हातातल्या चहाच्या कपाकडे पाहिलं. छत बघायला मान मागे टाकताना कप कलंडला होता. रंजना हसून भिंतीला टेकली. शेठही हसले, आणि मॅडम तर डोळे पुसत हसत होत्या. सातव्या दिवशी राख कोरीच होती. सगळी गच्ची जिजीला मिळाली.

गच्ची पूर्ण झाल्यावर महिन्याभरात जिजी गेली. दुपारी आडवी झाली, ती उठली नाही.

इमारत उघडली तेव्हा आम्ही अकराही जणी गेलो. माहिती सांगणारा मुलगा लोकांना म्हणाला, गच्ची जुन्या पद्धतीने जुन्या कारागिरांनी केली. कुणीतरी विचारलं, कोणत्या? तो म्हणाला, नावं मिळत नाहीत. बोलावं असं मनात आलं, पण माझी जीभ उचलली नाही.

लोक पुढे गेल्यावर मी मागच्या भिंतीपाशी गेले. नखाने एक कण काढला आणि तोंडात टाकला. रखवालदार धावत आला. "बेन, आ शुं करो छो?"

गूळ होता. बेलफळ होतं. मेथी थोडी.

"चव बघते," मी म्हणाले. "जिजीनं शिकवलंय." मग त्याला वर हात दाखवून गाण्यातल्या क्रमाने आम्हा अकरा जणींची नावं सांगितली. माझंसुद्धा.