बाच्या फोनचं व्हर्जन

आमच्या ॲपचं नवं व्हर्जन निघालं की त्याच्या पानावर एक ओळ लिहावी लागते: हे ॲप अमुक ऑपरेटिंग सिस्टीमवर किंवा तिच्या पुढच्यांवर चालेल. कंपनी पुण्याची आहे आणि मी हिंगोलीत एका भाड्याच्या खोलीत बसून तिचं काम करतो. ती ओळ लिहिणं माझ्याकडे आहे. ती कोणी वाचत नाही. ज्यांचा फोन नवा त्यांना वाचायची गरज नसते, आणि ज्यांचा जुना त्यातल्या बऱ्याच जणांना वाचताच येत नाही.

ॲप जनावरांच्या डॉक्टरांचं आहे. बटण दाबून धरायचं, जनावराला काय झालंय ते सांगायचं आणि सोडून द्यायचं. थोड्या वेळानं डॉक्टरचा आवाज येतो: अमुक पाजा, तमुक करू नका, नाहीतर थांबा, मी येतो. लिहिण्याची भानगड नाही. आयुष्यात एवढं एक काम माझ्या हातून धड झालं असं मला वाटायचं, आणि ते मी मनातल्या मनात बासाठीच केलं होतं.

बा म्हणजे माझा बाप. आमच्याकडे बापाला अहो-जाहो करत नाहीत. सेनगावच्या पुढे एका गावात त्याची मेंढरं आहेत. गेल्या काही वर्षांत त्याच्या डोळ्यांचं मधलं दिसणं गेलं. कडेचं तेवढं उरलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हात टेकले. भाऊबंद म्हणू लागले, आता मेंढरं विकून टाक. बा कोणाचं ऐकतोय? खिशावर थाप मारून म्हणायचा, "डागतर हितं हाय. त्यो हाय तवर मी मेंढरं सोडत न्हाई."

खिशातला फोन माझाच जुना. आमच्या गावाकडे फोन असेच येतात, थोरल्याचे कपडे धाकट्याला यावेत तसे. पोरगा शहरात नवा घेतो, जुना बापाकडे जातो आणि बापाचा पुढं आईकडे. या फोनला खाली एक खरंखुरं दाबायचं बटण होतं, त्यावरून बाला फोनची खालची बाजू कळायची. पण काचेवर बोट कुठं ठेवायचं? त्यावर त्यानं स्वतःच तोड काढली. कळपात आपलं जनावर ओळखू यावं म्हणून मेंढरांच्या पाठीवर रंग लावतात. तोच लाल रंग त्यानं काडीनं काचेवर लावला. वाळलेला ठिपका बोटाला लागतो. मग मीही ॲपचं चिन्ह आणि आतलं बोलायचं बटण बरोबर त्या ठिपक्याखाली येईल असं बसवून दिलं. ठिपक्यावर एकदा टेकवायचं, मग दाबून धरायचं आणि बोलायचं. बाला राज्य मिळाल्याचा आनंद झाला होता.

मग एका मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, जुन्या सिस्टीमवाले आता फारसे उरले नाहीत, त्यांच्यासाठी सगळी टीम अडकून पडते, त्या ओळीतला सिस्टीमचा आकडा वर घ्या. मी म्हणालो, जे उरलेत ते मेंढरंवालेच आहेत. साहेब म्हणाले, जुने फोन सुरक्षितही नाहीत, त्यांना नवा घ्यायला सांग. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, तेच तर वाईट. निदान ॲप बंद झाल्याचं आवाजात तरी सांगू, असं मी म्हणालो. ते पुढच्या वेळेला बघायचं ठरलं. ती पुढची वेळ आमच्या कंपनीत आजवर उगवलेली नाही.

आकडा मीच बदलला. जुन्या फोनवर दिसायचं वाक्यही मीच लिहिलं, चांगल्या सभ्य मराठीत: आपल्या फोनवर हे ॲप यापुढे चालणार नाही, कृपया नवीन फोन वापरावा.

त्याआधीच मी बाला नवा फोन नेऊन दिला. त्यानं खालच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"याचं बटन कुठंय?"

"नसतं आता, बा."

त्यानं त्याच्यावरही लाल ठिपका दिला. पण अंगठा जरा कडेला घसरला की भलतंच काहीतरी उघडायचं. "ह्यो लई शहाणा हाय," बा म्हणाला. मला वाटलं, होईल सवय. मी हिंगोलीला परतल्यावर त्यानं तो फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवला आणि जुना खिशात घातला. हे मला माहीत नव्हतं.

सोयाबीन निघालं. काढलेल्या रानात मेंढरं शिरली आणि सांडलेलं धान्य पोटभर खाऊन फुगली. मी नेहमीसारखा सुट्टीला गेलो तर बा मेंढरांच्या वाड्याशी उकिडवा बसलेला. निम्मा कळप मरून आडवा पडला होता.

"काहून फोन न्हाई केला मला?" मी ओरडलोच.

"केला की. दुपारधरनं डागतराला सांगून राहिलो. तेल पाजलं, पुन्ना सांगितलं. तुझंच ॲप हाय त्ये. मला वाटलं, तुला बी ऐकू गेलं आसंल."

"आणि डॉक्टर?"

"कामात आसंल म्हनलं. वाट पाहिली."

मी त्याच्या हातातून फोन घेतला. लाल ठिपक्याच्या खाली माझं सभ्य मराठी वाक्य होतं.

"मी येवढं बोललो त्ये गेलं कुठं?" बानं विचारलं.

कुठंच गेलं नव्हतं. फोननं ते टिपलंसुद्धा नव्हतं. दुपारपासून माझा बाप काचेशी बोलत होता, आणि त्याच्याकडं पाहून हे सांगायची माझ्यात ताकद नव्हती.

"पोचलं बा. डॉक्टरला उशिरा मिळालं."

"म्हंजी ऐकलं त्यानं."

"व्हय."

बाला तेवढं पुरलं. उरलेली मेंढरं त्यानं ठेवली. नवा फोन पेटीतच आहे. मी काढून दिला की तो परत ठेवतो. एखादं जनावर चाऱ्याला तोंड लावत नसलं की बा जुन्या फोनच्या ठिपक्यावर बोट दाबून सांगतो, "डागतरसाहेब, काळी आज खाऊन न्हाई राहिली. सवडीनं या." मी गावात असलो तर वाड्याच्या मागं जाऊन माझ्या फोनवरून डॉक्टरला लावतो. डॉक्टर येतो आणि बा माझ्याकडं अभिमानानं बघतो. पण मी बहुतेक दिवस हिंगोलीत असतो.