कमलाबाईंचा डावा पाय

काजूच्या कारखान्यात जन्म घालवलेल्या बाईला अंगावरच्या डागांचं काही वाटत नाही. बिया फोडताना टरफलातला तेलकट चीक उडतो, कातडी भाजते. वर कोकम तेल चोळायचं आणि पुढची बी घ्यायची. त्यामुळे कमलाबाईंच्या पोटऱ्यांवर जांभळे ठिपके उठले तेव्हा कारखान्यातल्या बायकांनी निकाल देऊन टाकला, चीक उडला. साडीखाली झाकलेल्या पोटरीवर चीक उडेल कसा, हे कुणी विचारलं नाही. कमलाबाईंनी तर मुळीच नाही.

कारण त्यांची भीती ठिपक्यांची नव्हती. त्यांचं डावं पाऊल बधिर झालं होतं. चप्पल वाटेत गळून पडायची आणि त्यांना पत्ता नसायचा. लहानपणी त्यांनी गोदाआत्याला पाहिलं होतं. तिचंही पाऊल असंच मेलं, महारोग म्हणून तिचं ताट पडवीत गेलं, आणि आत्या मरेपर्यंत ते घरात परत आलं नाही. कमलाबाईंच्या मांडीवर आता तान्ही नात ईशा खेळत होती. पायाचं कळलं तर सून रसिका पोरीला उचलून घेईल, या धास्तीने त्यांना घास गिळवत नव्हता.

नाकातून रक्त यायला लागलं तेव्हा मात्र रसिकाने त्यांचं काही ऐकलं नाही. रिक्षात घालून रत्नागिरीतल्या डॉक्टर पद्मजांकडे आणलं.

रसिका बाजूला उभी राहिली. डॉक्टरांनी कमलाबाईंना खाटेवर निजवून बॅटरी लावून नाक पाहिलं. आत खपल्या होत्या. डोळे पाहिले, छाती तपासली. मग ठिपक्यांवर काचेची पट्टी दाबली. साधी लाली दाबली की नाहीशी होते. हे ठिपके काचेखालीही तसेच दिसत राहिले.

"काजूचा चीक हाय तो," कमलाबाई घाईघाईने म्हणाल्या.

"बरं. आता डोळे मिटा. पायाला कापूस लागला की सांगा."

कमलाबाईंनी डोळे मिटले. उजवा पाय सुखरूप पार पडला. डाव्याला काहीच कळेना. थोडं थांबून त्या अंदाजाने म्हणाल्या, "लागतंय." पुन्हा थांबून, "लागतंय." जमतंय असं वाटलं, म्हणून आणखी एकदा म्हणाल्या.

"कमलाबाई, कापूस मी केव्हाच खाली ठेवलाय," डॉक्टर म्हणाल्या.

कमलाबाईंनी डोळे उघडलेच नाहीत. मिटल्या डोळ्यांनी रडत त्यांनी आत्या, ताट, पडवी, सगळं सांगून टाकलं.

"मला हा महारोग वाटत नाही. असता तरी गोळ्यांनी बरा होतो, ताट वेगळं करावं लागत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण बारीक रक्तवाहिन्यांना सूज आलेली दिसते. नाक, कातडी, पायाची नस, सगळं त्यातलंच. मूत्रपिंडापर्यंत गेलं असेल तर दुखणारही नाही. आजच रक्त-लघवी तपासू, दाखल करून घेऊ. पण आता खोटं बोलू नका. डोळे मिटलेलेच ठेवा."

कमलाबाई तशाच पडून राहिल्या. रसिकाचा शब्दही ऐकू येत नव्हता. ऐकून बाहेर निघून गेली असेल, पोरीला घेऊन माहेरीही जाईल, असं त्यांच्या मनात आलं.

"डाव्या पायाला काही लागतंय?"

"नाय," कमलाबाई म्हणाल्या. "काय पन लागत नाय."

"उघडा डोळे."

डॉक्टर टेबलापाशी उभ्या होत्या. खाटेच्या पायथ्याशी रसिका बसली होती, आणि ते पाऊल मांडीवर घेऊन तिने दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.