पैलवानीचा शेंगदाण्याचा टोस्ट

पैलवानीचा डावा कान भज्यासारखा हुता. कांदाभजी तेलात सोडल्यावर कशी वाकडीतिकडी फुगत्यात, तसा. मॅटवर घासून घासून कुस्तीवाल्यांचा कान असाच हुतोय म्हणं. पोरीच्या जातीचा असला कान बघून मी पहिल्या दिवशी दारच लावून घेतलं, खरं सांगते. केस पोरांसारखं बारीक, मान ही एवढी, आन् हसली की गालाला बारकी खळी. नाव हुतं की तिला चांगलं, पण आख्ख्या बिल्डिंगीत तिला नावानं कुणी हाक मारली न्हाय. दूधवाला खालनं ओरडायचा, “पैलवान, दूऽऽध!” आन् ही आतनं, “आलो आलो, बोंबलू नको!”

ती मलकापूरच्या पलीकडल्या एका वाडीतली. घरी आई-बाप, भाऊ, म्हशी. कुस्तीसाठी कोल्हापुरात येऊन तालमीजवळ खोली घेऊन एकटी ऱ्हायची. तिची नि आमची भिंत एकच, त्यामुळं तिचं सगळं मला कळायचं. पहाटं पळून आली की लोखंडी तव्यावर दाणे भाजल्याचा खरपूस वास, मग गॅलरीत फूऽऽ फूऽऽ, मग मिक्सरची घरघर. बदामाचा खुराक झेपत न्हाय म्हणून ही शेंगदाण्याचं बटर घरीच करायची आन् तव्यावर कडक केलेल्या ब्रेडला फासून उभ्याउभ्याच खायची. एका हातात टोस्ट, नि बैठका चालू. बसून खायला येळ कुणाला हाय, म्हणायची.

आमची ओळख भांडणानं झाली. दाण्याची तांबडी सालं ती सुपात घेऊन गॅलरीत फुकायची, आन् ती सगळी माझ्या वाळत घातलेल्या झबल्यांवर. मी बाहेर येऊन म्हटलं, “डोळं हायत का न्हाय? बाळाची कापडं हायत ही!” तर ही म्हणती, “वैनी, वाऱ्याला सांगा की. मी तर तिकडं फुकलोय.” मी तोंड वाकडं करून आत आले. जरा वेळानं बघते तर एकेक झबलं झटकून, घडी घालून दाराशी ठेवलेलं. घड्या अशा, इस्त्री केल्यासारख्या.

तवा माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. माझी शरू, दोन वर्साची पण झाली नव्हती, तापातनं उठली ती खायचंच सोडून. घास पुढं नेला की ओठ घट्ट. वरणभात केला, नाचणीची पेज केली, शिरा, केळं, काय काय करून बघितलं, सगळं बाहेर. मांड्यांची कातडी सैल पडली, आंघोळ घालताना फासळ्या हाताला लागायच्या. डॉक्टरबाई म्हटल्या, “तपासण्यांत काही नाही, पण वजन उतरतंय. पुढच्या वेळेला वाढलं नाही तर ॲडमिट करून नळीनं द्यावं लागेल.” नळी म्हटल्यावर माझं कानच बंद झालं. मी नववीत शाळा सोडलेली, बाई चांगलं समजावून सांगत हुत्या, आन् मला आपली तिच्या एवढ्याशा नाकात नळीच दिसत हुती. आमचे मालक फौंड्रीत कामाला, शिफ्ट संपवून आले की आडवं व्हायचे. सासूबाई गावाकडनं, गडमुडशिंगीस्नं, फोन करायच्या, “पोरगी माझ्याकडं आणून टाक, तुला काय जमायचं न्हाय.” मी एकटी त्या खोलीत वाटी-चमचा घेऊन तिच्या मागं मागं. शेवटी गाल दाबून घास घालायची, ती ओकायची, मग दोघी रडायचो.

असंच एकदा रडं चाललेलं असताना दार वाजलं. पैलवान, हातात टोस्ट. “वैनी, काय चाललंय? आमच्या वस्तादांनी पण असा घास कोंबला न्हाय कधी.”

मी भडकले. “तुला काय कळतंय गं? तुला पोर हाय का?”

ती सरळ आत आली, शरूपुढं फरशीवर मांडी घातली आन् आपला टोस्ट खायला लागली, करर करर. शरूकडं बघितलं पण न्हाय. शरूचं हुंदकं थांबलं. सरकत सरकत गेली, पहिल्यांदा तो कान धरला, मग टोस्टाकडं हात. पैलवानीनं टोस्ट मागं घेतला. “न्हाय द्यायचो. माझा हाय.”

“अगं दे की तिला!” माझा जीव वर-खाली.

“थांबा वो वैनी. मागू दे. मागितल्याबिगार द्यायचं न्हाय.”

शरूनं “दे” म्हटलं. तापानंतर पहिल्यांदा तिनं कायतरी मागितलं. पैलवानीनं कोपरा मोडून दिला, शरूनं वरचं बटर चाटलं आन् मग कोपरा पण खाल्ला. मी ओढणी तोंडात धरून उभी. मोठ्यानं श्वास घेतला तरी ही थांबंल असं वाटत हुतं.

दुसऱ्या दिवशी म्हटलं आपणच करावं. दाणे भाजले, मिक्सरला लावले. जरा फिरलं आन् बसलं, पातं हलंना. वाटण अडलं की आपण काय करतो? पाण्याची धार सोडतो. मी सोडली. तर ते सिमेंटागत पांढरं, घट्ट झालं. तेच डब्यात भरून ठेवलं. पैलवानीनं झाकण काढून बघितलं आन् ओरडलीच, “पाणी घातलंसा?”

“मग अडल्यावर काय घालायचं?”

“ही काय आमटी हाय? ह्याला थेंब चालत न्हाय. उन्हाळ्याचं दिस, सांजपातूर आंबतंय. पोरीच्या पोटात गेलं असतं मंजे?”

तिनं डबा उपडा केला आन् मी मटकन खाली बसले. एक टोस्ट तेवढा पोरगी खायला लागलीया, तो बी माझ्या हातनं इख व्हायला बसलाय. पैलवान म्हटली, “उठा. रडून मिक्सर फिरत न्हाय.” मग शेजारी उभं राहून शिकवलं. कडंचं खाली ढकल, फिरव, मिक्सर तापला की बंद ठेव, परत फिरव. आधी कूट हुतंय, मग गोळा, आन् आता हे बिघडलंच म्हणून आपण हात झाडतोय तेवढ्यात दाण्याचं स्वतःचं तेल सुटतंय नि ते चकाकत फिरायला लागतंय. मीठ चिमूटभर, गुळाची पूड जराशी. “आख्खा दाणा पोरीच्या हाताला लागू द्यायचा न्हाय, नरड्यात बसतोय. आन् बटर पातळ फासायचं, जाड लावलं की टाळूला चिकटतंय.” एवढी आडदांड पोरगी, पण शरूच्या तुकड्याला बटर लावताना चमच्याच्या पाठीनं असं फिरवायची, जसं काय फोडावर मलम लावतीया.

चार घास पोटात जायला लागले आन् सासूबाई आल्या. बसून बघितलं. “नुसतं गोडगिट्ट देतासा पोराला, मग अंगी कसं लागायचं?” मी खालनं पाणी आणायला गेले, तेवढ्यात त्यांनी टोस्टावर आपली कांदा-लसणाची लाल चटणी भुरभुरली. त्यांच्या मनात वाईट न्हाय. आमच्यात तिखटाबिगार जेवान मंजे जेवानच न्हाय. पण शरूची किंकाळी मला जिन्यात ऐकू आली. हातातली कळशी तिथंच ठेवून पळाले. पोरगी दोन्ही हातांनी जीभ पुसतीया, सासूबाई साखर घेऊन मागं, “चिमूटच घातली गं, चिमूटच!”

पैलवान पळत आली. चटणीचा टोस्ट उचलला, खाल्ला, डोळ्याला पाणी आलं. “आजी, तुमच्यापुढं हरलो. आमच्या तालमीत पण एवढी जोरदार पकड न्हाय कुणाची.”

“तू गप गं, कानफुटके,” सासूबाई म्हटल्या, पण त्यांचा आवाज कापत हुता. सांजच्या बसनं गेल्या, गुमान.

त्यादिवसापास्नं शरू माझ्या हातचा टोस्ट बघितला की तोंड फिरवायची. फकस्त पैलवानीचा चालायचा, त्यो बी उष्टा. आधी पैलवानीनं चावा घ्यायचा, शरू तिच्या तोंडाकडं टक लावून बघायची. हा-हू केलं न्हाय, मंजे तिखट न्हाय. मग “दे”. एवढ्याशा जिवाला एवढं कळत हुतं. मी आधी खाऊन दाखवायची, पण माझ्यावर तिचा इश्वास नव्हता. आई असून.

मग पैलवानीची निवड चाचणी आली. त्याच्यासाठीच तर ती खोली घेऊन ऱ्हायलेली. जाताना बटराचा डबा भरून दिला. “परवा येतो वैनी. शरू, माझा टोस्ट खाऊ नको हां, माझा हाय.” ती गेली आन् शरूचं ओठ परत मिटलं. मी हात जोडले, गाणी म्हटली, पैलवानीगत फरशीवर मांडी घालून करर करर खाल्लं. न्हाय मंजे न्हाय, कसंबसं दोन घोट दूध तेवढं. वजनाचा दिवस जवळ आलेला. मी आपली जिन्यात जाऊन बसायची, ती कवा येतीया म्हणून.

आली ती तालमीतल्या दोन पोरींच्या खांद्यावर. गुडघा बांधलेला. पोरींनी हळूच सांगितलं, गुडघा पार गेलाय, आता मॅटवर उतरायचं न्हाय म्हटलंय डॉक्टरनं. पैलवानीनं कुणाकडं बघितलं न्हाय, दार लावून घेतलं. सकाळ झाली, दाण्याचा वास न्हाय. मिक्सर न्हाय. दूधवाला ओरडून ओरडून गेला.

मी दार वाजवलं. “पैलवान, उघड.”

“वैनी, नको आज.”

“अगं, शरूनं कालधरनं पाण्याबिगार काय घेतलं न्हाय.”

“मग मला काय सांगतासा? मी काय तिची आई हाय?”

मी पोरीला घेऊन तिच्या दाराशीच बसले नि मोठ्यानं रडले. लोकं दारातनं बघाय लागली, बघू देत. आत एका पोरीचा जल्माचा खेळ संपलाय हे मला कळत हुतं की, पण मला लाज उरली नव्हती. मला माझ्या पोरीची नळी दिसत हुती.

कडी वाजली. पैलवान भिंतीला धरून उभी. मी टोस्ट करून आणला. तिनं हातात घेतला आन् नुसता बघत बसली. “मला घास उतरत न्हाय वो वैनी. तोंडात नेला की उमाळा येतोय.”

शरू तिच्या तोंडाकडं बघतीया. लई येळ. मग पैलवानीनं डोळं मिटलं नि चावा घेतला. चावत हुती आन् डोळ्यातनं पाणी गळत हुतं. गिळला. घशातनं जाताना दिसला मला तो घास. शरूनं हात पुढं केला, “दे.” त्यादिवशी पैलवान ‘माझा हाय’ म्हटली न्हाय.

मग रोज सकाळी तसंच. ती स्वतःसाठी काय रांधत नव्हती, खात नव्हती, फकस्त शरूपुढं तेवढं खायची. तिचा भाऊ टेम्पो घेऊन न्यायला आला, त्यादिवशी गादी-भांडी भरून झाल्यावर तिनं मला बसवलं आन् टोस्ट माझ्या हातात दिला. “आता तुम्ही खावा. मी हाय तवर.” मला चावता येईना. शरू एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं. “वैनी, भ्यालासा तर तिला कळतंय. भूक लागल्यागत खावा.” मी खाल्ला. पैलवान तिथनं उठून लंगडत जिना उतराय लागली, मागं वळून न बघता. टेम्पो चालू झाल्याचा आवाज आला, तवा शरू मला म्हटली, “दे.”

वजनाच्या दिवशी दवाखान्यात शरूला काट्यावर ठेवलं आन् मी भिंतीकडं तोंड केलं. डॉक्टरबाई म्हटल्या, “थोडंच, पण वाढलंय. आत्ता नळी नको. हेच चालू ठेवा आणि परत दाखवा.” परत दाखवा मंजे परत भ्या. पण आज न्हाय. पायरीवर बसून मी पैलवानीला फोन लावला, उचलला तिच्या आईनं.

“पडून असत्या बाई दिवसभर. कुणासंगट बोलत न्हाय, ताटाला हात लावत न्हाय. काय करू सांग.”

तो आवाज मी वळखला, माझाच हुता. मी म्हटलं, “मावशी, फोन नुसता कानाला लावा तिच्या.”

जरा येळ खुडबुड झाली. मी म्हटलं, “पैलवान, शरूचं वजन वाढलं.”

“किती?”

“पावशेर बी न्हाय.”

मला वाटलं रेंज गेली. “हायस का गं?”

मग फोन तोंडापास्नं लांब धरून ओरडल्यागत ऐकू आलं, “आई, मला वाढ गं जरा.”