रविवारपर्यंत गोळी देऊ नका

“मॅडम, गोळी चालू करा, आमची ना न्हाय. फकस्त रविवारपर्यंत थांबा.”

शाहूपुरीतल्या माझ्या क्लिनिकमध्ये टेबलासमोर पाच जण उभे होते. खुर्च्या दोनच. कोण बसणार हे ठरेना, म्हणून कुणीच बसलं नव्हतं. या पाचांत माझा पेशंट कुणी नव्हता, पेशंटचा नातेवाईकही नव्हता. ते शिवाजी पेठेतल्या एका तालमीच्या फुटबॉल संघाचे पदाधिकारी होते; आमच्याकडे कुस्तीच्या तालमी फुटबॉलचे संघही चालवतात. रविवारी त्यांची फायनल होती. माझी पेशंट विमलताई ही त्यांच्या मते संघाची बारावी खेळाडू होती.

मी सायकिअ‍ॅट्रिस्ट आहे. गोळी देऊ नका म्हणणारे नातेवाईक मला रोज भेटतात. मॅचचं टाइमटेबल बघून गोळी द्या म्हणणारे पहिल्यांदाच भेटले.

प्रकरण सुरू झालं त्याच्या तीन आठवडे आधी. (नावं अर्थातच बदलली आहेत.)

विमलताई पंचेचाळीसच्या. नवरा दिनकरराव. दोघांची पेठेत भजी-वड्यांची गाडी. कढई बाईंकडे, गिऱ्हाईक नवऱ्याकडे. मुलगी पल्लवी एका शोरूममध्ये नोकरी करते. तिनेच दोघांना ओढून आणलं होतं.

“मॅडम, आईला स्किझोफ्रेनिया झालाय,” पल्लवी बसायच्या आधीच म्हणाली. “मी मोबाईलवर वाचलंय सगळं.”

“काय बी झालेलं न्हाय हिला,” दिनकरराव म्हणाले. “हिच्यात देवी येती. पोरीच्या हट्टापायी आलोय, न्हायतर इथं आमचं काय काम?”

विमलताई पर्स मांडीवर घेऊन शांत बसल्या होत्या.

होत होतं ते असं. वडे तळता तळता बाई मध्येच थांबायच्या. नजर एका जागी. तोंड पान चघळल्यासारखं हलायचं, डावा हात पदर चिमटत राहायचा. त्यात मध्येच म्हणायच्या, “दोन, दोन.” मिनिटभरात हे संपायचं. मग थोडा वेळ आपण कुठे आहोत हेच त्यांना उमगायचं नाही, आणि भानावर आल्यावर म्हणायच्या, “हे मला ठाव हुतं. हे आदी झालंय.”

पहिल्यांदा हे घडलं तेव्हा संघाचा कॅप्टन गाडीवर वडा खात होता. त्या दिवशी संघ दोन-शून्यने जिंकला. पुढच्या वेळी दोन-एकने हरला, तरी दोन आलेच. नंतर एकदा बरोबरी झाली, पण गोल दुसऱ्या हाफमध्ये पडला होता. एकदा तर नुसतं दोन नंबरच्या जर्सीवाल्याला लाल कार्ड मिळालं. फुटबॉलमध्ये दोन हा आकडा कुठे ना कुठे सापडतोच. मॅचच्या दिवशी अख्खा संघ नारळ घेऊन गाडीशी उभा राहू लागला. बाईंना काही झालंच नाही तर बिचारे चार-चार वडे खाऊन वाट बघायचे आणि त्याच पोटाने पळायचे.

इथे एक सांगायला हवं. अंगात येणं म्हणजे वेड, असं मी मानत नाही. आमच्याकडे जागराला, आरतीला बायकांच्या अंगात येतं. हलगी वाजली की येतं, ओटी भरली की जातं. ती बाई घरी जाऊन भाकऱ्या थापते, दुसऱ्या दिवशी कामाला जाते. तिला त्रास नाही, कुणाला धोका नाही. अशांना मी गोळ्या देत नाही.

स्किझोफ्रेनिया मात्र सगळं आयुष्य व्यापतो. झोप जाते, काम सुटतं, घरच्यांवरचा विश्वास उडतो, कानात आवाज येत राहतात. विमलताई त्या एका मिनिटाखेरीज ठणठणीत होत्या. कोणत्या गिऱ्हाइकाला मिरची चालत नाही, नणंदेच्या मुलीच्या बारशाला कोण कोण रुसलं, सगळं पाठ. एका मिनिटाचा स्किझोफ्रेनिया मी अजून पाहिलेला नाही.

म्हणजे बाप आणि मुलगी, दोघांचंही म्हणणं मला पटत नव्हतं. तेवढ्यात मला बाईंच्या उजव्या मनगटावर भाजल्याचा मोठा चट्टा दिसला.

“हे कशानं?”

“कढईला हात टेकला,” दिनकरराव अभिमानाने म्हणाले. “पर देवी अंगात असल्यानं हिला काय बी कळलं न्हाय बघा! हूं का चूं न्हाय!”

मी पेन खाली ठेवलं. बापलेकीला बाहेर बसवलं आणि विमलताईंना विचारलं, “तुम्ही सांगा. त्या वेळी तुम्हाला काय होतं?”

त्यांनी आधी दार नीट लागलंय का ते बघितलं.

“पोटातनं कायतरी वर येतं, मॅडम. पार गळ्यापातूर. जळक्या रबराचा वास येतो. आनि लई भ्या वाटतं. आता मरतोय असं. मग काय आठवत न्हाय. डोळं उघडलं की म्होरं मानसं हात जोडून हुबी.”

“हे घरी सांगितलं नाहीत?”

“इच्यारलंच न्हाय कुणी. समदी मला म्याचचंच इच्यारत्यात.”

माझा संशय फिटवर गेला. फिट म्हटलं की आपल्याला हातपाय झाडणारा, तोंडाला फेस आलेला माणूस आठवतो. पण मेंदूच्या एका कोपऱ्यातच गडबड झाली तर माणूस पडत नाही. नुसता थांबतो, चघळतो, चिमटतो. कानाच्या वरच्या बाजूला, आत मेंदूचा जो भाग असतो तिथे वास, भीती आणि आठवण शेजारी शेजारी राहतात. तिथे गडबड झाली की नसलेला वास येतो, नसलेली भीती वाटते आणि समोर चाललेलं सगळं आधी घडून गेल्यासारखं वाटतं. ‘दोन, दोन’ हे फिटमध्ये तोंडातून आपोआप निघत होतं; विमलताईंनी कुठल्याही मॅचबद्दल आधी कधी काही सांगितलंच नव्हतं. त्या फक्त ‘हे मला ठाव हुतं’ म्हणायच्या, तेही नंतर.

मी दोन गोष्टी सांगितल्या. कढईजवळ उभं राहायचं नाही, आणि ईईजी काढायचा. ईईजी म्हणजे डोक्याला तारा चिकटवून मेंदूतल्या विजेची नोंद घेणं.

ईईजी नॉर्मल आला.

“बघा!” दिनकरराव खूश. “मशिनीला देवी कशी दिसंल?”

मी त्यांना समजावलं की फिट नसताना काढलेला ईईजी अनेकदा नॉर्मलच येतो. शक्यता एवढी दाट आहे की न्यूरॉलॉजिस्टला दाखवून गोळी सुरू करू. ते म्हणाले, “इच्यारून सांगतो.” मग म्हटलं, निदान एकदा तसं झालं की मोबाईलवर व्हिडिओ तरी काढा. त्यांनी दोन्ही कानांना हात लावला. देवीचं शूटिंग करायचं नाही. पल्लवी दिवसभर कामावर, आणि तिच्यासमोर काही घडत नव्हतं. बाई मात्र तिसऱ्याच दिवशी पुन्हा कढईवर उभ्या होत्या, कारण दिनकररावांना वडा गोल जमत नव्हता.

विचारून म्हणजे कुणाला विचारून, ते मला त्या बुधवारी पाच जण समोर उभे राहिले तेव्हा कळलं.

त्यांचे पुढारी बंडूनाना. वय साठीचं, आवाज मैदानाच्या पलीकडे पोचेल असा.

“मॅडम, अर्धी गोळी दिली तर? म्हंजे देवी निम्मी तरी येईल.”

“बंडूनाना, ही देवी नाही, फिट आहे असं मला वाटतं. उकळत्या तेलात बाईचा हात जाईल.”

“न्हाय जात. आमी असतोय की सगळी.”

“तुम्ही स्वतः बघितलंय तिला तसं होताना?”

बंडूनाना दुखावले. “बघितलंय? मॅडम, रेकॉर्ड हाय! अकरा व्हिडिओ हायत ग्रुपवर!”

इतके दिवस मी ज्या एका व्हिडिओसाठी अडून बसले होते, तसे अकरा या माणसाच्या शर्टाच्या खिशात होते. मी त्यांना बसायला सांगितलं. आता मात्र ते बसले.

पहिल्या व्हिडिओत बाई चघळताहेत आणि कुणीतरी कळवळून विचारतंय, “आई, टायब्रेकरला डावीकडं मारू का उजवीकडं?” दुसऱ्यात कुणी गणपतीचा माईक आणलाय. तिसऱ्यात गोलकीपर आपले ग्लोव्हज बाईंच्या डोक्यावरून ओवाळतोय. मी माणसं बघायचं सोडून फक्त बाई बघायला लागले. नजर. मग ओठ. मग डावा हात पदराला. मग “दोन, दोन.” शेवटी डाव्याच हाताने नाक पुसणं. अकराच्या अकरा वेळा तेच, त्याच क्रमाने. माणूस तीच गोष्ट दोनदा सांगतानाही काहीतरी बदलतो. फिट बदलत नाही.

सातव्या व्हिडिओत झारा कढईत पडला. तेल उडालं. लोक मागे सरले, पण हात जोडलेलेच. बाईंचा उजवा हात कढईच्या काठावर टेकलेला होता आणि तिथेच राहिला. मागून कुणीतरी ओरडत होतं, “आकडा ऐका, आकडा!”

मी व्हिडिओ परत लावला. या वेळी आवाज बंद करून.

बंडूनानांनी चष्मा काढला. “ह्ये आमी नीट बघितलंच न्हवतं, मॅडम,” ते म्हणाले. आवाज पहिल्यांदाच टेबलापुरता होता. “आमी आकडा ऐकायलो हुतो.”

मग त्यांनीच दिनकररावांना फोन लावला. संध्याकाळी नवराबायको आले. मी तोच व्हिडिओ तसाच, बिनआवाजाचा लावला आणि दिनकररावांना म्हटलं, फक्त बायकोच्या चेहऱ्याकडे बघा. त्यांनी बघितलं. विमलताईंनी स्वतःला असं कधी पाहिलं नव्हतं. त्या एकदम म्हणाल्या, “तवा मला लई भ्या वाटतं ओ.”

दिनकरराव मोबाईल खाली ठेवून बायकोकडे वळले. मग म्हणाले, “तू भ्यायलीस, आनि मी नारळ फोडायलोतो?”

“तुमी खूश दिसायचा,” बाई म्हणाल्या. “म्हनून न्हाय बोलले.”

दुसऱ्या दिवशी न्यूरॉलॉजिस्टनी व्हिडिओ बघून फिटवर शिक्का मारला. एमआरआयमध्ये मेंदूवर एक लहानसा जुना डाग निघाला. लहानपणी तापात झटके आले होते, असं बाईंच्या आईने फोनवर सांगितलं. गोळी गुरुवारीच सुरू झाली. पल्लवी मला हळूच म्हणाली, “म्हणजे मी पण चुकलेच की.” चुकली होती. पण ती आईला घेऊन आली होती, हा भाग मोठा.

रविवारी संघ फायनल हरला, टायब्रेकरवर. सोमवारी बंडूनाना हजर.

“मॅडम, तुमच्या गोळीनं घात केला.”

“तुमच्या स्ट्रायकरनं पेनल्टी बाहेर मारली, असं ऐकलं.”

“ते पण हाय,” त्यांनी मान्य केलं, आणि ब्लड प्रेशर तपासून घेऊन गेले.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. फिट आधी कमी झाल्या, मग थांबल्या. मध्ये एकदाच आली, बाईंनी उपवास म्हणून गोळीही टाळली तेव्हा. गाडी चालू आहे. तळायचं काम दिनकरराव करतात. वडे चपटे होतात, गिऱ्हाईक बोलून दाखवतं, ते ऐकून घेतात. विमलताई पीठ भिजवतात आणि चटणी बघतात. मागच्या खेपेला म्हणाल्या, “आता कोन पाया पडाय येत न्हाय. जरा रितं वाटतं, खोटं कशाला बोलू? पर झोप लागती.” संघाने या हंगामासाठी गोलकीपरच्या मामांची शिंक धरली आहे. ते कान-नाक-घशाचं खातं, मी त्यात पडत नाही.

देवी का वेड, असा प्रश्न घेऊन लोक येतातच. त्यांना मी सांगते, हे दोनच पर्याय मनात धरून येऊ नका. आधी त्या माणसालाच एकट्यात विचारा, त्या वेळी तुला कसं वाटतं. तो काय म्हणतो ते मला येऊन सांगा. आणि व्हिडिओ काढलाच असेल, तर एकदा आवाज बंद करून बघा.