मोहरीच्या तेलातले काप

बायकोच्या वर्षश्राद्धाला तिच्या आवडीचं काय करायचं, हे मला शेजारच्या बंगाली बाईंना विचारावं लागलं.

बायको इथलीच, बंगालातली, बालीगंजच्या मराठी घरात वाढलेली. मी बँकेच्या बदलीवर पुण्याहून आलेला. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी बजावलं होतं की या घरात मोहरीचं तेल येणार नाही, त्या वासाने माझं डोकं उठतं. एकतीस वर्षं आमच्याकडे शेंगदाण्याचं तेल आलं. ती काही बोलली नाही, तेव्हा तिलाही तेच आवडतं असं मी धरून चाललो.

"मोहरीच्या तेलात तळलेले वांग्याचे काप," बाई म्हणाल्या. "तुम्ही बँकेत गेलात की माझ्याकडे येऊन खायची."

मी तेल आणलं. पहिले काप इतके उग्र झाले की तोंडात धरवेनात. मग बाईंनी सांगितलं, या तेलातून आधी धूर निघू द्यायचा, गॅस बंद करून ते जरा निवू द्यायचं आणि मगच मंद आचेवर काप सोडायचे. उग्रपणा निघून जातो.

खरंच गेला. दोन मिनिटांचं काम होतं. तिला ते ठाऊक असणारच, पण मी कधी बोलूच दिलं नव्हतं.

तिच्यासाठी मी आयुष्यात पहिल्यांदा काही रांधलं, ते हे काप. पानात वाढायला गेलो तर गुरुजी म्हणाले, श्राद्धाला वांगं चालत नाही.

मी म्हटलं, "वाढू द्या, गुरुजी. तिला नाही म्हणून झालंय पुष्कळ."