पितळी पातेल्यातलं लोणी

“अक्का, झाकण ठेवा परत!” मी ओरडले, पण उशीर झाला होता. चाळीसगावच्या प्रदर्शनात, आमच्या विकास खात्याच्या टेबलावर, पितळी पातेल्यातल्या लोण्याला कडेनं हिरवी झालर आली होती. स्टेशनजवळच्या खाणावळीचे शेठ चव घ्यायला समोरच उभे.

लोणी सखुअक्काचं. अक्का विधवा, दारात दोन म्हशी. शेठना पावाला लावायला रोज लोणी हवं होतं. चव पटली तर अक्काचा रतीब लागणार. नाहीतर व्यापारी आहेच, नाक मुरडून पडेल भावात उचलणारा.

उन्हाळ्यात लोणी कसं टिकवायचं हे गावोगाव सांगणं, ही माझी नोकरी. त्यात जादू नाही. लोण्यात ताक राहिलं की ते खवट होतं. म्हणून पाणी नितळ निघेपर्यंत धुवायचं, मीठ घालून मळायचं, पाणी दाबून काढायचं. मग चिनी मातीच्या बरणीत गच्च भरून सावलीत ठेवायचं. वर मिठाचं पाणी, तेही रोज नवं. ओला हात घालायचा नाही. दोन-चार दिवसांत संपवायचं, उरेल ते कढवून तूप करायचं. अक्कानं हे सगळं केलं होतं.

आदल्या संध्याकाळी आमचे साहेब आले.

“बरणी? लोणच्याचं दुकान मांडलंय का बाई? काही शोभा नको?”

“साहेब, मिठाचं पाणी आणि पितळ...”

“तुम्ही पत्रकं वाटा. शास्त्र मला शिकवू नका.”

त्यांच्या घरून पातेलं आलं. बाहेरून चिंचेनं घासून लखलखीत, आतली कल्हई कधीच उडालेली. कल्हई नसली की आंबट-खारट पदार्थ पितळेत कळकतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. साहेबांना पातेल्यात फक्त स्वतःचं तोंड दिसलं. लोणी त्यात गेलं. मावलं नाही तेवढं टेबलाखालच्या बरणीत राहिलं.

आणि आता तेच साहेब शेठना सांगत होते, “या खेड्यातल्या बायका! कितीही शिकवा, स्वच्छता नाहीच.”

अक्काचा चेहरा उतरला. पण तिनं आपल्या अहिराणीत सुनावलं, “साहेब, पातेलं तुमनं शे. मनी बरणी ती बघा.”

मी हिरव्या लोण्याचा चमचा साहेबांपुढे धरला. “आधी तुम्ही चाखा, साहेब. शोभेचं आहे.”

शेठ खो खो हसले. त्यांनी बरणीतलं लोणी पावाला लावलं, खाल्लं, पुन्हा लावलं.

“अक्का, उद्यापासून आणा. पण पातेल्यात नको.”

“तसं पातेलं माले परवडत बी नही, शेठ.”

हिरवं लोणी मी मातीत पुरलं. उद्धटपणाबद्दल मला मेमो मिळाला. पुढच्या पत्रकात मी ‘कल्हई नसलेल्या पितळेत लोणी ठेवू नये’ अशी ओळ घातली. साहेबांनी ती मंजूर केली आणि वर म्हणाले, “हे आपण प्रयोग करूनच सिद्ध केलं.”

लोणी नासायला खानदेशचं ऊनच लागतं असं नाही. एक हौशी साहेब पुरतो.